प्रीप्रिंट टाकायच्या आधी मशीनकडून एकदा तपासून घ्या, कसं ते सांगते

पेपर लिहून झालाय, सगळ्या सहलेखकांचा होकार आलाय, पीडीएफ तयार आहे आणि आता फक्त अपलोडचं बटण दाबायचं राहिलंय, अशा वेळी कोणालाच थांबायचं नसतं हे मला माहितीये, तरी सांगते की अर्धा दिवस थांबा. त्या अर्ध्या दिवसात काय करायचं, कुठली टूल्स वापरायची आणि त्यांच्या रिपोर्टवर किती भरवसा ठेवायचा, तेवढंच इथे लिहितेय. मी स्वतःचे पेपर असे तपासते, दुसऱ्यांच्या प्रीप्रिंट्सचे गठ्ठेही तपासलेत, त्यामुळे कुठं अडकायला होतं ते चांगलं ठाऊक झालंय.

आधी थोडं मागचं. प्रीप्रिंट म्हणजे पिअर रिव्ह्यू (त्याच विषयातल्या इतर तज्ज्ञांची तपासणी) व्हायच्या आधी थेट लोकांसमोर ठेवलेला पेपर. फिजिक्सवाल्यांचं आर्काइव्ह १९९१ पासून चालू आहे, जीवशास्त्राचं बायोआर्काइव्ह २०१३ ला आलं आणि वैद्यकीय संशोधनाचं मेडआर्काइव्ह २०१९ ला. पेपर आला की सर्व्हरचे लोक एक नजर टाकतात, हे विज्ञानच आहे ना, मजकूर कुठून उचललेला नाही ना, यातून लोकांच्या आरोग्याला धोका तर नाही ना. पण डेटा कुठं ठेवलाय, कोड दिलाय का, गट कसे पाडले, हे बारकाईनं बघायला तिथं कोणाकडे वेळ नसतो. मग २०२० ला कोविड आला आणि प्रीप्रिंट्सचा असा लोंढा सुरू झाला की माणसांनी एकेक वाचून काढणं शक्यच नव्हतं, आणि त्यातलेच काही दुसऱ्या दिवशी बातम्यांत झळकायचे. तेव्हा ज्या संशोधकांनी आधीपासून अशी छोटी छोटी टूल्स बनवून ठेवली होती ते एकत्र आले, ऑटोमेटेड स्क्रीनिंग वर्किंग ग्रुप केला, आणि सगळी टूल्स एका माळेत ओवून स्क्रीनआयटी नावाची पाइपलाइन उभी केली. बायोआर्काइव्ह आणि मेडआर्काइव्हवरच्या कोविडच्या पेपर्सवर ती चालवायची आणि रिपोर्ट हायपोथिसिस या अ‍ॅनोटेशन टूलमधून त्या पेपरलाच जोडून जाहीर करायचा, असं काम चालायचं. त्याबद्दलचा त्यांचा लेख नेचर मेडिसिनमध्ये २०२१ ला आला.

यातली बरीच टूल्स आपल्याला एकट्यानंही वापरता येतात. फक्त एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करा, नाहीतर पुढचं सगळं चुकतं: ही टूल्स बघतात की अमुक गोष्ट पेपरात लिहिलीये का. ती खरी आहे का, नीट केलीये का, हे त्यांना कळत नाही. तुम्ही रँडमायझेशन (चिठ्ठ्या टाकल्यासारखी गटांची विभागणी) केलं आणि लिहायला विसरलात तर टूलच्या लेखी ते झालंच नाही, आणि न करता लिहिलंत तर टूल खुश. म्हणून रिपोर्ट आला की त्यातल्या प्रत्येक ओळीला "हे मी पेपरात कुठं लिहिलंय ते दाखव" असा प्रश्न समजायचं आणि उत्तर स्वतः शोधायचं.

पहिलं काम, आणि हेच सगळ्यात जास्त लोक गाळतात, ते म्हणजे पीडीएफमधून मजकूर नीट निघतोय का ते बघणं. बहुतेक टूल्स पीडीएफचं साध्या टेक्स्टमध्ये रूपांतर करतात आणि मग त्यात शब्द शोधतात. आता प्रीप्रिंटच्या पीडीएफमध्ये काय काय असतं बघा, डाव्या बाजूला ओळींचे नंबर, प्रत्येक पानावर सर्व्हरचा लायसन्सचा मजकूर, ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द, कधी दोन कॉलम. हे सगळं टेक्स्टमध्ये वाक्यांच्या मधोमध येऊन पडतं. आमच्या एका पेपरच्या वेळी टूल ठामपणे सांगत होतं की ओपन डेटा नाही, आणि आम्ही तर जिओ या जीन्सच्या डेटाबेसमधला नोंदणी क्रमांक, म्हणजे अ‍ॅक्सेशन नंबर मेथड्समध्ये लिहिला होता. अख्खी संध्याकाळ मी टूलची सेटिंग्ज खालीवर करत बसले आणि शेवटी टेक्स्ट फाइल उघडून पाहिली तर त्या क्रमांकाच्या सुरुवातीची जीएसई ही अक्षरं एका ओळीच्या शेवटी, मध्ये ३१२ हा ओळीचा नंबर, आणि पुढच्या ओळीत खरा नंबर. माणसाला ते वाचताना काहीच वाटत नाही, मशीनसाठी तो नंबर अस्तित्वातच नव्हता. तेव्हापासून माझा नियम असा की तपासणीसाठी ओळींचे नंबर काढलेली वेगळी पीडीएफ बनवायची, तिचं टेक्स्ट करायचं, आणि पेपरातली आपल्याला माहीत असलेली पाचसहा वाक्यं, म्हणजे डेटाचं वाक्य, एथिक्सचं, सँपल साइझचं, क्लिनिकल ट्रायलचा, म्हणजे माणसांवरच्या उपचार-चाचणीचा, नंबर असेल तर तो, अशी त्या टेक्स्ट फाइलमध्ये शोधून बघायची. सापडली तरच पुढं जायचं. दुसऱ्यांचे पेपर तपासत असाल तर पीडीएफपेक्षा सर्व्हरकडून किंवा युरोप पीएमसी या पेपर्सच्या साठ्याकडून एक्सएमएल (पेपरचे भाग खुणा करून वेगळे दाखवणारी फाइल) मिळतंय का बघा, त्यात मेथड्स कुठं सुरू झालं आणि रेफरन्सेस कुठून लागले हे स्पष्ट असतं. एक्सएमएल नसेल तर ग्रोबिड नावाचं फुकट टूल पीडीएफमधून तसं काहीतरी बनवून देतं, शंभर टक्के नाही पण बऱ्यापैकी. आणि सप्लिमेंटरी फाइल्स विसरू नका, अर्ध्या मेथड्स तिथंच दडलेल्या असतात आणि टूलला त्या दिल्याच नाहीत तर ते बिचारं "नाही" म्हणणारच.

आता डेटा. ओडीडीपब नावाचं, आर या संख्याशास्त्राच्या प्रोग्रामिंग भाषेतलं पॅकेज आहे, ते वाक्यावाक्यानं बघत जातं की डेटा रिपॉझिटरीचं (डेटा ठेवायच्या साठ्याचं) नाव, अ‍ॅक्सेशन नंबर, "डाउनलोड करता येईल" अशा अर्थाचे शब्द एकाच वाक्यात येतायत का, आणि त्यावरून ओपन डेटा आणि ओपन कोड आहे की नाही ते सांगतं. सोबत ते वाक्यही काढून देतं, आणि खरं मोल त्या वाक्याचं आहे, हो-नाहीचं नाही. "डेटा लेखकांकडे मागितल्यास मिळेल" हे वाक्य ते ओपन डेटा म्हणून धरत नाही, आणि ते बरोबरच आहे. २०२२ मध्ये एका अभ्यासात अशा प्रकारचं वाक्य लिहिलेल्या १७९२ पेपर्सच्या लेखकांना खरंच मेल पाठवून डेटा मागितला, तर ९३ टक्क्यांनी एकतर उत्तरच दिलं नाही किंवा नाही म्हणून सांगितलं, प्रत्यक्ष डेटा मिळाला तो १२२ जणांकडून. हे वाचल्यापासून मी ते वाक्य स्वतःच्या पेपरात लिहिणं बंद केलंय. पेशंटचा खाजगी डेटा असेल आणि खरंच उघडा ठेवता येत नसेल तर तसं कारण लिहा, कोणाकडे अर्ज करायचा, कुठल्या अटींवर मिळेल ते लिहा, आणि जेवढं देता येतं तेवढं, म्हणजे व्हेरिएबल्सची यादी, सारांशाचे टेबल, कोड, हे तरी ठेवा.

टूलनं हो म्हटलं की लगेच पुढं जाऊ नका. ब्राउझरची प्रायव्हेट विंडो उघडा, म्हणजे तुमचं लॉगिन नसलेली, आणि पेपरातली प्रत्येक लिंक तिथं टाकून बघा. मी किती वेळा बघितलंय की लिंक लेखकाला उघडते कारण तो लॉगिन आहे आणि बाकी जगाला "परवानगी नाही" दिसतं, किंवा रिपॉझिटरी उघडते पण आत एकच रिकामी रीडमी फाइल. डेटासेट एम्बार्गोखाली, म्हणजे ठरावीक तारखेपर्यंत बंद, असेल तर तो कधी खुला होणार ती तारीख पेपरात लिहा. आणि गिटहब या कोड ठेवायच्या साइटची लिंक ही जपून ठेवलेली प्रत नव्हे, उद्या तुम्ही रेपोचं नाव बदललंत किंवा ती डिलीट केलीत की संपलं, म्हणून ती झेनोडो या कायमच्या साठ्याला जोडून त्या व्हर्जनचा डीओआय (कायमचा ओळख क्रमांक) घ्या, झेनोडो आणि गिटहबची जोडणी आयती आहे, एकदा सेट केलं की प्रत्येक रिलीजला डीओआय आपोआप मिळतो. जीन्सच्या नावांची एक्सेल फाइल देत असाल तर ती एकदा डोळ्यांनी बघा, कारण एक्सेल सेप्ट आणि मार्चनं सुरू होणाऱ्या जीन्सची नावं तारखा समजून बदलून टाकतं. हा त्रास इतका पसरला होता की २०२० मध्ये त्या जीन्सची अधिकृत नावंच बदलली गेली.

कोडच्या बाबतीत टूल फक्त एवढं सांगेल की लिंक आहे. चालतो का ते तुम्हालाच बघायचंय, आणि इथं जरा वेळ घालवा असं मी हात जोडून सांगते, कारण परिस्थिती खरंच वाईट आहे. २०१९ मध्ये गिटहबवरच्या ज्युपिटर नोटबुक्सचा (कोड आणि त्याचा निकाल एकत्र ठेवणाऱ्या फाइल्सचा) मोठा अभ्यास झाला, त्यात पुन्हा चालवून बघितलेल्या नोटबुक्सपैकी साधारण २४ टक्केच विनाअडथळा चालल्या आणि मूळचाच निकाल आला तो फक्त ४ टक्क्यांत. २०२२ मध्ये हार्वर्ड डेटाव्हर्स या डेटाच्या साठ्यावरच्या आर कोडचं तसंच बघितलं तर ७४ टक्के फाइल्स पहिल्या फटक्यात एररवर थांबल्या, कोड थोडा साफसूफ करून घेतल्यावरही ५६ टक्के अडकल्याच. कारणं ऐकाल तर अगदी साधी असतात: फाइलचा पाथ लेखकाच्या स्वतःच्या लॅपटॉपचा, पॅकेज कुठल्या व्हर्जनचं ते लिहिलेलं नाही, डेटाची फाइल दुसऱ्याच नावानं अपलोड केलेली, नोटबुकमधले सेल्स, म्हणजे कोडचे तुकडे, उलटसुलट क्रमानं चालवलेले. तर करायचं असं, कोड आणि डेटा तुमच्या लिंकवरून डाउनलोड करा, स्वतःच्या फोल्डरमधून उचलायचा नाही, ज्यानं या प्रोजेक्टवर काम केलेलं नाही अशा कोणालातरी त्याच्या मशीनवर चालवायला द्या आणि तुम्ही शेजारी गप्प बसा. तो जिथं पहिल्यांदा "आता काय करू" असं विचारेल तिथं तुमच्या रीडमीमध्ये एक ओळ कमी आहे. पॅकेजच्या व्हर्जन्सची यादी द्या, रँडम नंबर वापरले असतील तर सीड, म्हणजे तेच नंबर पुन्हा येण्यासाठीचा सुरुवातीचा आकडा, द्या, आणि कुठल्या स्क्रिप्टमधून कुठली आकृती निघते ते लिहा.

मेथड्ससाठी सायस्कोर नावाचं टूल आहे. ते एथिक्सची मंजुरी, रँडमायझेशन, ब्लाइंडिंग (कोण कुठल्या गटातलं हे मोजणाऱ्याला न सांगणं), किती सँपल लागेल ते आधी ठरवणारं पॉवर अ‍ॅनालिसिस, प्राण्यांचं किंवा लोकांचं लिंग, आणि वापरलेली साधनं म्हणजे अँटीबॉडीज, सेल लाइन्स (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशी), सॉफ्टवेअर यांची ओळख नीट दिलीये का ते बघतं. या साधनांसाठी आरआरआयडी नावाचे ओळख क्रमांक असतात, २०१४ पासून चालू आहेत. उदाहरणार्थ हीला पेशींचा क्रमांक सीव्हीसीएल ००३०. हे क्रमांक देणं म्हणजे नुसता कागदी सोपस्कार नाही, अँटीबॉडीच्या बाबतीत "अमुक कंपनीची अँटी-अ‍ॅक्टिन" एवढ्यावर दुसऱ्याला तीच बाटली मागवता येत नाही, कारण तीच कंपनी डझनभर अँटी-अ‍ॅक्टिन विकते. सेल लाइनचा क्रमांक शोधायला सेलोसॉरस या सेल लाइन्सच्या डेटाबेसवर गेलात की एक फायदा असा की ती लाइन गोंधळातली असेल तर तिथंच लाल अक्षरात इशारा दिसतो. एमडीए-एमबी-४३५ ही पेशी कित्येक वर्षं स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वापरली गेली आणि नंतर सिद्ध झालं की ती मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाची आहे. तुमच्या पेपरात अशी लाइन असेल तर अपलोडच्या आदल्या दिवशी का होईना, कळलेलं बरं.

रँडमायझेशनच्या बाबतीत एक गोष्ट जरा जवळून दाखवते कारण पुष्कळ जण स्वतःची स्क्रिप्ट लिहायला जातात आणि इथं आपटतात. तुम्ही "रँडम" हा शब्द शोधलात तर काय काय सापडेल? रँडम फॉरेस्ट, रँडम इफेक्ट्स मॉडेल, पीसीआरमधले रँडम प्रायमर्स, "मायक्रोस्कोपखाली रँडम निवडलेली पाच क्षेत्रं", आणि या सगळ्यात कुठंतरी खरं वाक्य, की उंदरांची गटांत विभागणी रँडम केली. यातलं शेवटचं एकच आपल्याला हवंय. ब्लाइंडचंही तेच, सिग्नल प्रोसेसिंगमधलं ब्लाइंड सोर्स सेपरेशन हे ब्लाइंडिंग नव्हे. म्हणून शब्द सापडला म्हणून टिक करू नका, पूर्ण वाक्य वाचा, आणि वाक्यात "कोणी, कशाचं, कशा पद्धतीनं" ही तिन्ही उत्तरं आहेत का बघा. "प्राणी रँडम पद्धतीनं विभागले" यात पद्धत कुठं आहे? संगणकानं काढलेली यादी, का पिंजऱ्यातून जो हाताला लागला तो? हाताला लागला तो म्हणजे रँडम नव्हे, सगळ्यात संथ उंदीर आधी हाताला लागतो. आणि केलं नसेल तर "रँडमायझेशन केलं नाही" असं सरळ लिहा. वाचणाऱ्याला त्याचा उपयोग होतो, आणि रिव्ह्यूअरनं विचारायच्या आधी तुम्ही सांगितलेलं असतं.

आकडे तपासायचं काम मला सगळ्यात आवडतं. स्टॅटचेक हे आर पॅकेज आहे, वेबसाइटवरूनही चालतं, ते पेपरातला टेस्टचा आकडा आणि डिग्रीज ऑफ फ्रीडम (सँपलच्या संख्येवरून ठरणारा आकडा, कंसात लिहितात तो) उचलून पी-व्हॅल्यू, म्हणजे असा निकाल निव्वळ योगायोगानं येण्याची शक्यता, पुन्हा काढतं आणि तुम्ही लिहिलेल्याशी जुळवतं. २०१६ मध्ये त्याच्या निर्मात्यांनी मानसशास्त्राच्या जर्नल्समधल्या १९८५ ते २०१३ च्या अडीच लाखांहून जास्त पी-व्हॅल्यूज तपासल्या, तर निम्म्या पेपर्समध्ये किमान एक आकडा जुळत नव्हता आणि साधारण आठातल्या एका पेपरात चूक अशी की निष्कर्षच बदलू शकेल. आता समजा तुमच्या पेपरात लिहिलंय टी (२८) = १.९०, पी = ०.०३. दोन बाजूंच्या टेस्टला हे ०.०६८ च्या आसपास येतं, म्हणजे टूल लाल बावटा दाखवणार. पण एका बाजूची टेस्ट केली असेल तर ०.०३४, म्हणजे आकडा बरोबर, फक्त एका बाजूची टेस्ट केली हे पेपरात लिहायचं राहिलं. किंवा खरंच जुन्या ड्राफ्टमधला आकडा तसाच राहून गेला. यातलं काय ते टूल सांगू शकत नाही, तुम्ही मूळ आउटपुट उघडूनच ठरवायचं. आणि हे टूल फक्त एपीए या मानसशास्त्रातल्या लेखनपद्धतीनं वाक्यात लिहिलेले आकडे वाचतं, टेबलमधले नाही, त्यामुळे "एकही चूक सापडली नाही" याचा अर्थ कधीकधी "एकही आकडा वाचता आला नाही" असा असतो. किती आकडे वाचले ते आधी बघा.

दुसरी तपासणी ग्रिम, हिला तर कॅल्क्युलेटर पुरतो. लोकांनी १ ते ७ अशा पूर्णांकात उत्तरं दिली आणि तुम्ही सरासरी लिहिलीत, तर प्रत्येक सरासरी शक्य नसते. समजा २३ जण आणि सरासरी ३.४४. गुणाकार करा, ७९.१२ येतात. पण बेरीज पूर्णांकच असायला हवी, म्हणजे ७९ नाहीतर ८०. ७९ भागिले २३ म्हणजे ३.४३, आणि ८० भागिले २३ म्हणजे ३.४८. ३.४४ येतच नाही. मग कोणीतरी राउंडिंग चुकवलंय, किंवा काही जणांनी उत्तर दिलं नाही आणि प्रत्यक्षात संख्या २३ नव्हतीच, किंवा टायपिंगची चूक. दोन दशांश दिलेले असतील तर ही युक्ती शंभराच्या आतल्या संख्येलाच कामाची, आणि अनेक प्रश्नांची सरासरी असेल तर प्रश्नांच्या संख्येनंही गुणायचं. पाच मिनिटांचं काम आहे, स्वतःच्या टेबल एकवर करून बघाच.

आकृत्यांसाठी बारझूका आणि जेटफायटर. बारझूका पेपरची पानं चित्र म्हणून बघतं आणि कुठल्या पानावर सलग मोजमापांचा डेटा नुसत्या बार ग्राफमध्ये कोंबलाय ते शोधतं. त्यात वाईट काय, असं विचारणारे भेटतात, तर एका गटात १८, १९, २०, २१, २२ आणि दुसऱ्यात १०, १०, १०, १०, ६० असे आकडे घ्या, दोन्हींची सरासरी २०, दोन्ही बार एकाच उंचीचे, आणि दुसऱ्या गटात खरं तर एकच प्राणी सगळं ओढून नेतोय हे बारमध्ये दिसत नाही. संख्या कमी असेल तर सगळे ठिपके दाखवा. प्रमाण किंवा मोजदाद दाखवणारे बार चालतात, टूलनं त्यांच्यावर बोट ठेवलं तर सोडून द्या. जेटफायटर इंद्रधनुषी रंगांचे नकाशे शोधतं, कारण त्यात जिथं डेटात काही नाही तिथं डोळ्याला कडा दिसते, आणि लाल-हिरवा फरक न दिसणाऱ्याला आकृती वाचताच येत नाही. व्हिरिडिस ही रंगपट्टी वापरा, संपलं.

रेफरन्सेसमध्ये मागे घेतलेला पेपर आहे का हे बघणं सोपं आहे आणि तरी राहून जातं. मागे घेतलेल्या पेपर्सची नोंद ठेवणारा रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस २०२३ पासून क्रॉसरेफ या डीओआय देणाऱ्या संस्थेकडे आहे आणि सगळ्यांना खुला आहे, झोटेरो हे रेफरन्सेस सांभाळायचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर ते स्वतःच इशारा देतं. लॅन्सेटमधला हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा गाजलेला पेपर २२ मे २०२० ला आला आणि ४ जूनला मागे घेतला गेला, म्हणजे दोन आठवडेसुद्धा नाही, एवढ्यात ज्यांनी तो आपल्या यादीत टाकला असेल त्यांनी पुन्हा बघितलंच नसेल तर तो तसाच राहतो. मागे घेतलेल्या पेपरचा उल्लेख करूच नये असं नाही, पण मागे घेतलाय हे सांगून करा. ट्रायल असेल तर नोंदणी क्रमांक अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्येच द्या, एनसीटी आणि पुढे आठ आकडे किंवा जी रजिस्ट्री असेल ती, आणि क्रमांक टाकून रजिस्ट्रीचं पान उघडा, तिथला मुख्य आउटकम (जे मोजायचं आधी ठरवलं ते) आणि पेपरातला मुख्य आउटकम एकच आहे का बघा. एक आकडा इकडचा तिकडे झाला की भलत्याच आजाराची ट्रायल उघडते. फंडिंग, हितसंबंध, मर्यादा, यांसाठीही टूल्स आहेत पण ही तीन वाक्यं शोधायला तुम्हाला टूल लागू नये. मर्यादांबद्दल एवढंच की टूल फक्त तसं वाक्य आहे का ते बघतं, "आणखी संशोधनाची गरज आहे" यानं टूलचं समाधान होईल, वाचणाऱ्याचं नाही.

हल्ली बरेच जण विचारतात की हे सगळं एखाद्या चॅटबॉटला पीडीएफ देऊन का करू नये. करा, पण एका अटीवर, प्रत्येक उत्तरासोबत पेपरातलं मूळ वाक्य जसंच्या तसं मागा आणि ते वाक्य टेक्स्ट फाइलमध्ये शोधा. सापडलं नाही तर ते उत्तर टाकून द्या. आणि दुसऱ्याचा अप्रकाशित पेपर, जो तुमच्याकडे रिव्ह्यूला आलाय, तो कुठल्याही ऑनलाइन टूलमध्ये टाकायचा नाही.

आता ज्यांना एकच पेपर नाही, अख्खा गठ्ठा तपासायचाय, म्हणजे विभागाचे सगळे प्रीप्रिंट्स किंवा एखाद्या विषयाचे हजारभर, त्यांच्यासाठी. टूलच्या बेरजेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. गणित मांडून दाखवते. समजा १००० पेपर्स आहेत, त्यातल्या १०० मध्ये खरंच ओपन डेटा आहे. टूल असलेल्यांतले ७३ टक्के पकडतं आणि नसलेल्यांतले ९७ टक्के बरोबर नाकारतं, ओडीडीपबच्या लेखकांनी दिलेले ओपन डेटाचे आकडे हेच आहेत. तर १०० पैकी ७३ सापडतील, २७ निसटतील. उरलेल्या ९०० पैकी ३ टक्के, म्हणजे २७, चुकून "आहे" मध्ये येतील. ७३ आणि २७, टूल म्हणेल १०० पेपर्समध्ये ओपन डेटा. एकूण आकडा अगदी अचूक! आणि तरीही यादीतला जवळजवळ प्रत्येक चौथा पेपर चुकीचा. म्हणजे "आपल्या विभागात किती टक्के लोक डेटा देतात" या प्रश्नाला हे उत्तर चालेल, पण "अमुक लेखकानं डेटा दिलाय का" याला चालणार नाही, तिथं माणसानं बघितलंच पाहिजे. तुमच्या विषयात टूल कसं वागतं ते कळायला ५० पेपर्स चिठ्ठ्या टाकून निवडा, दोघांनी वेगवेगळं, टूलचा निकाल न बघता हातानं तपासा आणि मग जुळवा. कुठल्या प्रकारच्या चुका होतायत ते पहिल्या वीसतीस पेपर्सतच दिसायला लागतं.

आणि रिपोर्ट लेखकांना पाठवणार असाल तर भाषा जपा. २०१६ मध्ये स्टॅटचेकचे रिपोर्ट पन्नास हजारांच्या आसपास मानसशास्त्रीय पेपर्सवर पबपीअर या पेपर्सवर चर्चा करायच्या साइटवर सरसकट लावले गेले, ज्यांत एकही चूक नव्हती त्यांवरही, आणि लोक भयंकर चिडले, जर्मन सायकॉलॉजिकल सोसायटीनं जाहीर आक्षेप घेतला. मला दोन्ही बाजू पटतात. चुका दिसल्या पाहिजेत हे खरं, पण सकाळी मेल उघडल्यावर आपल्या पेपरवर मशीननं काहीतरी चिकटवलंय हे बघणाऱ्याला आधी धडकीच भरते. म्हणून मी लिहिताना "तुम्ही डेटा दिलेला नाही" असं लिहीत नाही, "आम्हाला डेटाची लिंक सापडली नाही, मेथड्स आणि शेवटची निवेदनं पाहिली, कुठं दिली असल्यास कळवा" असं लिहिते, सोबत टूलचं नाव, व्हर्जन, तारीख, आणि प्रीप्रिंटचं कुठलं व्हर्जन बघितलं तेही. शेवटची गोष्ट फार महत्त्वाची, कारण लेखकानं मधल्या काळात दुसरं व्हर्जन टाकलेलं असतं आणि तुमची तक्रार पहिल्यावर असते. आणि उत्तर आलं, चूक आपली निघाली, तर जिथं रिपोर्ट लावला तिथंच दुरुस्ती लावायची.

स्वतःच्या पेपरसाठी मी एक साधी टेक्स्ट फाइल ठेवते, कुठलं टूल चालवलं, त्यानं काय दाखवलं, मी काय बदललं आणि काय मुद्दाम तसंच ठेवलं व का. ती कोडच्याच फोल्डरमध्ये जाते. नंतर जर्नलकडून रिव्ह्यू आला की पहिले चारपाच प्रश्न बहुतेक वेळा त्या फाइलमधलेच असतात, आणि उत्तर तिथून उचलून ठेवता येतं. रिव्ह्यूनंतर आकडे बदलले तर प्रीप्रिंटचं नवं व्हर्जन टाका, पण टाकायच्या आधी स्टॅटचेक आणि लिंक्स एवढं तरी पुन्हा चालवा, कारण दुरुस्ती करताना एका टेबलमधला आकडा बदलतो आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्टमधला जुनाच राहतो, हे मी स्वतः दोनदा केलंय.